सासूबाईंची मिश्री सोडवण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या सासूबाई (वय 61, सातारा जिल्हा) लहानपणापासून मिश्री लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि पहाटे चुलीपाशी बसून बोटाने दातांना घासत राहायची, हा त्यांचा नेम आहे. गेल्या महिन्यात डाव्या गालाच्या आत, जिथे त्या मिश्री दाबून धरतात नेमका तिथेच, पांढरा चट्टा दिसला आणि आमटीचा घास झोंबू लागला. दंतवैद्यांनी तुकडा काढून तपासायला सांगितले आहे, "दुखत नाही तर कापायचे कशाला?" असे म्हणून त्या नकार देतात.

हे केवळ व्यसन नाही, असे मला मनापासून वाटते. भांगलणीला जाणाऱ्या बायकांमध्ये डबी हातोहात फिरते, तिने भूक मरते, आणि नको म्हणणारी बाई त्या सोबतीतून बाजूला पडते.

दिरांची काळजी वेगळीच आहे. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी असूनही त्यांना तो मिळत राहिला. आता तोंड जेमतेम दोन बोटे उघडते, तरी नुसती सुपारी निरुपद्रवी समजून ते ती चघळतात. वास्तविक तंबाखूविना सुपारीनेही कर्करोग होतो.

आपल्यापैकी कोणी घरातील वडीलधाऱ्यांना अशा तपासणीसाठी कसे राजी केले? पहाटेच्या मिश्रीच्या जागी काय दिले? 1800-11-2356 या तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावे.