मदत हवी आहे: आजोबांच्या घडीच्या सायकलला फिक्स गिअर करायचाय, मिस्त्री नको म्हणायलाय

नमस्कार मंडळी,

मी अंबाजोगाईचा. सायकल रोज चालवतो, पण दुरुस्तीतलं ज्ञान पंक्चर काढणं आणि उतरलेली चेन चढवणं एवढंच. म्हणून इथं विचारायलोय.

आमचे चुलत आजोबा डॉक्टर. सत्तरच्या दशकात शिकायला विलायतेत होते, येताना सामानासोबत एक सायकल घेऊन आले. रॅले ट्वेंटी, घडीची. २० इंची चाकं, मधल्या जाड नळीवर बिजागरी, खटका सोडला की दोन तुकडे एकमेकांवर येतात. लहानपणी तिला हात लावायची परवानगी नव्हती, आणि परवानगी मिळायच्या वयात ती माळ्यावर गेली. यंदा दिवाळीच्या आवराआवरीत खाली काढली. मडगार्ड गंजलेत, सीटमध्ये उंदरांनी संसार मांडला होता. पण फ्रेम ठणठणीत आहे. मागच्या चाकाच्या हबवर (मधल्या तुंब्यावर) ‘ए डब्ल्यू’ अशी अक्षरं आणि ‘७३ ५’ असे आकडे कोरलेत.

तीन गिअर आहेत, सगळे हबच्या पोटात. दोन महिने चालवली. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना कधीकधी पॅडल एकदम रिकामं फिरतं. परवा मंडी बाजाराच्या चढाला उभा राहून पॅडल मारत होतो, पाय हवेत गेला आणि मी हँडलवर. दोष माझाच. केबल मीच कशीबशी बांधली होती. गुडघा फुटला, आणि भाजीवाल्या मावशी “लेकरा, लागलं का” म्हणत हसायलेल्या, ते जास्त झोंबलं.

तर डोक्यात असं आलंय की गिअरची भानगडच नको, सरळ फिक्स करावी. पुण्यात मित्राची फिक्स गिअरवाली चालवली होती. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार, पाय थांबवायची सोयच नाही. पहिली दहा मिनिटं जीव मुठीत होता, नंतर मात्र सायकल आपल्या पायालाच उगवलीय असं वाटायला लागलं. तेव्हापासून वेड लागलंय.

आमच्या मिस्त्रींकडे गेलो. म्हटलं, साध्या सायकलचं फ्रीव्हील (पाय थांबवला तरी चाक फिरू देणारी मागची चकती) वेल्ड करून जाम करतात तसं हे हब खोलून आतली कुत्री (दात्यांत अडकणारे खटके) वेल्ड करा. त्यांनी हब हातात घेऊन फिरवलं, कानाजवळ नेऊन टिकटिक ऐकली आणि म्हणाले, “सर, चांगल्या मालाला आग कामून लावायलाव?” लेथवाल्याकडे पाठवतो म्हणाले, तर तोही नको म्हणतोय.

वेल्ड करून चालेल का? नाही तर काय करावं? पुढं ४६ दाते आहेत, मागं १८. हेच ठेवू का? आमच्याकडं चढउतार बरेच आहेत, मुकुंदराजाच्या समाधीकडं उतरणारा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल. बजेट मास्तरकीच्या पगारातलं आहे.

*

जुनाखटारा:

मिस्त्रींच्या पाया पडा. खरंच.

तुमचं स्टर्मी-आर्चरचं ए डब्ल्यू हब आहे. ‘७३ ५’ म्हणजे हब १९७३ च्या मे महिन्यातलं. त्यात साध्या सायकलसारखं बाहेरून आट्यांवर बसवलेलं फ्रीव्हील नसतंच. मागची दातेरी चकती तीन खाचांवर बसते आणि वर एक तारेची रिंग असते. कुत्री हबच्या आत, दोन ठिकाणी. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला एक जोडी काम करते, पहिल्याला दुसरी. वेल्डिंगची आच लागली की ती कुत्री आणि आतली बारीक दातेरी चाकं, सगळ्यांचं पाणी (कडकपणा) उतरणार. उलट्या जोराला ती किती दिवस टिकतील ते देव जाणे.

आता तुमच्या पडण्याबद्दल. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मधे एक जागा अशी आहे की तिथं काहीच पकडत नाही. केबल नीट बांधलेली असली तर तिथं हब थांबत नाही. उजव्या बाजूच्या लांब नटाला एक भोक असतं. गिअर दुसऱ्यावर टाका आणि भोकातून बघा. केबलच्या साखळीला जोडलेल्या बारीक दांडीचा खांदा ॲक्सलच्या टोकाशी बरोबर सपाट दिसला पाहिजे. आत गेला असेल तर केबल आवळा, बाहेर आला असेल तर ढिली करा. मग हबवरच्या छोट्या झाकणातून चमचाभर पातळ तेल सोडा. ग्रीस नको. एवढं करून बघा, मग फिक्सचं बोलू.

*

लेथवाला (जालना):

वरच्यांशी सहमत. आम्ही लोक काहीही जोडून देतो म्हणून आमच्याकडं येतात, पण हे नका करू.

फिक्स करायचंच असेल तर दुसरं मागचं चाक बांधा. ट्रॅकचं (ट्रॅकवरच्या शर्यतीच्या फिक्स सायकलचं) हब १२० मिमीचं येतं. तुमच्या मागच्या फोर्कमधली जागा साधारण ११७ भरेल. लोखंडी फ्रेम आहे, दोन-तीन मिलिमीटर हातानं फाकते. हबला दोन पायऱ्यांचे आटे असतात. आतल्या मोठ्यावर दातेरी चकती उजव्या आट्यांनी बसते, बाहेरच्या लहानावर लॉकरिंग (चकतीला अडवणारी रिंग) डाव्या आट्यांनी. मागं पाय दाबला की चकती सुटायला बघते, तेव्हा लॉकरिंग उलट आवळली जाते. पोरं काय करतात, साध्या हबवर चकती फिरवून बसवतात आणि वर डिंक लावतात. उतारावर मागं जोर दिला की चकती सुटून मोकळी. हसू नका, आमच्याकडं असं एक चाक आलं होतं, चालवणारा प्लॅस्टर घालूनच आला होता.

पुढच्या बाजूला हात लावू नका. त्या रॅलेच्या बॉटम ब्रॅकेटचे (पॅडलचा ॲक्सल जिथं फिरतो त्या नळीचे) आटे इंचाला २६, आजकालच्या मालाचे २४. नवीन कप बसवायला गेलात तर जुने आटे खाल्ले जाणार. जुनेच कप ठेवा, छर्रे बदला, झालं. कॉटरचे खिळे (पॅडलचे दांडे ॲक्सलला धरून ठेवणारे) हातोडीनं ठोकून काढू नका, दाबून काढा. नाही निघाले तर या जालन्याला, चहा पाजतो.

*

मोंढ्यावरचा:

सर, तो मुकुंदराजाचा उतार फिक्सवर?? मी साध्या सायकलवर दोन्ही ब्रेक दाबून उतरतो.

*

जुनाखटारा:

मोंढ्यावरचा गमतीत म्हणतोय पण मुद्दा बरोबर आहे. हिशेब मांडू. तुमचं चाक एका फेऱ्यात साधारण १.६ मीटर जातं. ४६/१८ ठेवलंत तर पॅडलच्या एका फेऱ्यात ४.१ मीटर. ताशी २० ला मिनिटाला ८१ फेरे, ते ठीक. पण उतारावर ताशी ३० झाले की १२२, आणि पाय थांबवता येत नाहीत. माणूस उसळतो सीटवर. मागं १५ दाते घेतले तर त्याच वेगाला १०२. उतारावर बरं, पण चढाला मांड्या बोलतील. मी १६ घेईन. छोट्या चाकाला हा त्रास असतोच.

पुढचा ब्रेक काढू नका. स्टीलच्या रिमवर पावसात रबर घसरतं, त्यामुळे ब्रेकचे गुटकेही नवे घाला. बिजागरीचा खटका आधी तपासा. फिक्सवर फ्रेमला पुढून-मागून दोन्ही हिसके बसतात, जराही खेळ असेल तर आधी तो काढा. टायर घेताना २० गुणिले १ ३/८ असंच मागा. लहान मुलांच्या सायकलचं २० इंची टायर त्या रिमवर चढत नाही, नाव एक असलं तरी माप वेगळं.

आणि एक. स्टँडवर चाक फिरवत चेनला फडका लावायची सवय असेल तर आजच सोडा. फिक्सची चेन बोट पकडली की थांबत नाही.

*

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. मुलांचं टायर आधीच आणलंय, ते परत करायला उद्या जायलोय.

काल नटाच्या भोकातून बघितलं. दांडीचा खांदा चांगला तीन मिलिमीटर आत होता. केबल आवळली, शिलाई मशीनचं तेल सोडलं (आईला सांगू नका). आज शाळेत जाऊन आलो, एकदाही पाय हवेत गेला नाही. मिस्त्रींना सांगितलं तर म्हणाले, “मग आता वेल्डिंग?” आणि चहा माझ्याकडून वसूल केला.

तरी वेड गेलेलं नाही. जुनं चाक तसंच जपून ठेवतो आणि फिक्सचं दुसरं चाक बांधतो. म्हणजे वाटेल तेव्हा अदलाबदल. उतारावर नेणार नाही, कॉलेजच्या मैदानाला चकरा मारीन.

आता अडचण अशी: फोर्कमधली जागा मोजली, ११७ च भरली. पण रिमच्या भोकांइतक्याच भोकांचं १२० मिमीचं ट्रॅक हब लातूर, परभणी किंवा संभाजीनगरात कुणाकडं पडून आहे का? जुनं चालेल, आटे शाबूत पाहिजेत. आणि लेथवाले भाऊ, कॉटरचा डावा खिळा हलेचना. रविवारी जालन्याला आलो तर दुकान उघडं असतं का?