मदत हवी आहे : ड्रोनच्या फोटोंवरून ओघळींची धूप कशी मोजायची?

मंडळी, पुरंदरला डोंगराच्या पायथ्याशी आमचं तीन एकर उताराचं रान आहे. मधला ताल (मातीचा बांध) फुटला आणि ओघळी पडल्या. एक तर आता कमरेएवढी खोल आहे, तळाशी नुसता मुरूम.

मेव्हण्याच्या २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनने मे महिन्यात फोटो काढले, वेबओडीएम या फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडून उंचीचा नकाशा केला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा तेच. दोन्हींची वजाबाकी केली, तर जागचा न हललेला कातळही ४० सेंटीमीटर खचलेला दिसतोय! जमिनीवर खुणा ठेवून त्यांची उंची मोजली नव्हती, ती चूक आता कळतेय.

विहिरीचा कठडा, विजेच्या खांबाचा पाया असे पक्के कोपरे आता आरटीकेने (सेंटीमीटरपर्यंत अचूक जीपीएसने) मोजले, तर दोन्ही वेळचे जुने फोटो त्यावर बसवता येतील का? की मे महिन्याचे फोटो वायाच गेले? शिवाय नोव्हेंबरात तूर उभी होती, तिथे माती नाही, पानांची उंची धरली गेली. म्हणजे काढणीनंतरच उडवायला हवा ना?

सालकाढी धूप (मातीचा वरचा पातळ थर सगळीकडून वाहून जाणं) यात सापडणार नाही, हे मान्य. ओघळींचं घनफळ निघालं तरी पुरे. गुगल अर्थवर जुनी चित्रं पाहिली, पण त्यांत ओघळ लांबत गेलेली दिसते, खोली कळत नाही.

कुणी स्वतः केलं असेल तर सांगा. नवे ताल मेच्या आत घालायचेत.