रूम पार्टनर आणि झोप: तुमचे अनुभव लिहा

कॉट नं. ४:
भाचा यंदा इंजिनीअरिंगला हॉस्टेलवर गेला. परवा फोनवर म्हणाला, "मामा, डोळाच लागत नाही." डास नाहीत, ढेकूण नाहीत, रूम पार्टनर आहे. म्हणून हा धागा.

माझं आधी. १९९८, सदाशिव पेठ, कॉट बेसिस, एका खोलीत चौघं. तिसऱ्या कॉटवरचा एमपीएससीवाला पहाटे ४ चा गजर लावायचा आणि आवाज मोठा व्हावा म्हणून घड्याळ स्टीलच्या ताटात ठेवायचा. आम्ही तिघं ताडकन उठून बसायचो, हा घोरत! पण परत झोप लागायची. पुढे आमचा अबोला झाला (कारण नंतर सांगतो) आणि त्याने नुसती कूस बदलली तरी मला जाग यायला लागली.

वैदर्भी:
अगदी. नागपूर, परीक्षा लांबलेल्या, मे महिना. आमचा कूलर ट्रॅक्टरसारखा वाजायचा, तरी दोघी मेल्यासारख्या झोपायचो. पहिला पाऊस पडला, कूलर बंद केला, आणि कळलं की ती रात्री रडते. उशीत तोंड खुपसून. मी झोपेचं सोंग घ्यायचे. विचारलं तर तिला ओशाळल्यासारखं होईल असं वाटायचं. तीन आठवडे दोघी जाग्या, दोघी गप्प. शेवटी एका रात्री उठून मी काही न बोलता चहा ठेवला. (कॉइलला हॉस्टेलात बंदी होती. सगळ्यांकडे होती.) घरी तिचं लग्न ठरवत होते, तिला पुढे शिकायचं होतं. ती रात्र बोलण्यातच गेली. दुसऱ्या दिवशी मात्र दोघी नऊलाच आडव्या.

गुडुप:
घोरणाऱ्याच्या आधी झोपायचं. बास.

घरचा डॉक्टर:
गुडुप, घोरता घोरता श्वास मध्येच थांबत असेल, मग दचकून सुरू होत असेल आणि माणूस दिवसभर पेंगत असेल, तर स्लीप ॲप्निया असू शकतो. ज्याचं त्याला कळत नाही, रूम पार्टनरलाच दिसतं. माझ्या पार्टनरला मीच ओढत ओपीडीत नेला होता.
आणि भाच्याला सांगा, विशीच्या आसपास शरीराचं घड्याळच मागे पडलेलं असतं. त्यात रात्री डोळ्यांवर उजेड आला की मेलाटोनिन (झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक) आणखी लांबतं. पार्टनर जागतो तो छळायला म्हणून नाही.

आखनवासी:
जर्मनीत रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळतात. माझी पार्टनर नाशिकची. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे, म्हणजे इथे रात्रीचे अडीच तेव्हा तिच्या आईचे सकाळचे सात. रोज फोन. शेजारच्या आजोबांनी दारावर चिठ्ठी चिकटवली, तेव्हापासून ती बाथरूममध्ये बसून बोलते. तिथे तर आवाज घुमतो.

वैदर्भी:
कॉट नं. ४, त्या ताटाखाली टॉवेल घालायचा ना!

कॉट नं. ४:
घातला होता. त्या दिवशी त्याचा पेपर होता.