प्रति: झाडात रबर बनतं कसं?

वर कुणीतरी म्हटलंय की चीक हवेत सुकला की त्याचं रबर होतं. तसं नाही हो, रबर आत आधीच तयार असतं. चिकात रबराचे सूक्ष्म कण तरंगत असतात. त्यांच्या पृष्ठभागावरचं एन्झाइम पाच कार्बनवाला आयपीपी (आयसोपेंटेनिल पायरोफॉस्फेट) रेणू एकामागून एक जोडत जातं, दर जोडणीला पायरोफॉस्फेट, म्हणजे दोन फॉस्फेटांची जोडी, सुटतं. मॅग्नेशियम नसेल तर काम ठप्प! हजारो घटकांची ही साखळी जवळजवळ सगळी सिस घडणीची (दुहेरी बंधाच्या एकाच बाजूने साखळी पुढे जाते), म्हणून वेटोळी राहते आणि ताणली जाते. तेच घटक ट्रान्स, म्हणजे विरुद्ध बाजूंनी, जोडले की गट्टापर्चा, रूट कॅनालमध्ये भरतात तो. कोथरूडच्या बाल्कन्यांत कुंडीतला रबर प्लांट दिसतो ना, फायकस इलॅस्टिका? त्याचं पान खुडून चीक बोटांत चोळून बघा, चिकट तंतू निघतात. डोळ्यांना मात्र हात लावू नका, झोंबतो.