फ्लिपर नसले तरी खेळ हातातच असतो

कुणीतरी म्हटलंय की फ्लिपर (बटण दाबून गोळी परत वर उडवणारी पाती) नसलेलं पिनबॉल, म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर गोळी सोडून पॉइंट मिळवायचा खेळ, म्हणजे निव्वळ नशीब. मला नाही पटलं. फ्लिपर आले १९४७ साली, गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या मशीनमध्ये. त्याआधीही लोक खेळत होते, आणि चांगले तरबेज होते.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका ओळखीच्यांच्या गाळ्यात असंच बिनफ्लिपरचं एक सर्कशीचं मशीन आहे. काचेखाली हत्ती, झुल्यावरची मुलगी आणि मधोमध विदूषक. त्याच्या उघड्या तोंडाला सगळ्यात जास्त पॉइंट, म्हणून भोवती खिळ्यांचं कुंपण. गोळी सोडायचा स्प्रिंगचा दांडा पूर्ण ओढला की गोळी वरच्या कमानीवर आपटून भलतीकडेच जाते. अर्ध्याच्या जरा पुढे ओढून सोडला, तर पहिल्या खिळ्याला टेकून हळूच आत वळते. मग ऐन वेळी तळहाताने हलका धक्का! जोरात बसला तर टिल्ट, म्हणजे मशीन हलवल्याचं पकडलं जातं आणि डाव खलास. बगाटेलवर (खिळ्यांच्या फळीवर गोळी सोडायचा जुना खेळ) ज्यांचा हात बसलाय त्यांना हे पटकन जमतं.

न्यूयॉर्कने १९४२ मध्ये पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली, ती उठली थेट १९७६ मध्ये. नशिबाचा शिक्का बहुधा तिथूनच घट्ट झाला. ठाण्यातलं कुणी बघायला येणार असेल तर सांगा, मालकांना विचारतो. स्प्रिंग नुकतीच बदलली आहे.