‘श्रावणमासी’ वाचताना तुम्हाला कुठला पाऊस दिसतो?

बालकवींची ‘श्रावणमासी हर्ष मानसी’ आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. रसग्रहण नको मंडळी, तुमच्याकडचा श्रावण सांगा. तो कवितेसारखा येतो का?

जळगाव
बालकवी धरणगावचे, म्हणजे कविता आमच्या घरचीच. त्यातली उघडीप कापूसवाल्यांना फार जिवाची. सर थांबून ऊन पडलं की काळ्या रानाला वाफसा येतो, म्हणजे चिखल सुकून कामापुरती ओल उरते, मग कोळपणी, निंदणी. झड लागून राहिली तर तण पिकाच्या वर जातं. २०२३ला उलटंच झालं. अधिक धरून दोन श्रावण आले, आणि ऑगस्ट मात्र देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा. दुपारी कपाशी माना टाकायची. त्या वर्षी ‘क्षणात फिरुनी ऊन पडे’ तोंडातून निघत नव्हतं.

दापोली
दादा, वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे तोवर लावणी आटपलेली असते, पाऊसही जरा दमानं घेतो. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तेरडा फुलतो. मंगळागौरीची पत्री आणायला आजीबरोबर जायचो. आघाडा, दूर्वा, जे मिळेल ते. सगळं ओलंगच्च. घरी येऊन परडी उपडी केली की तळातून हमखास एखादी गोगलगाय निघायची. कवितेतल्या फुलं-पत्री खुडणाऱ्या मुली मला कायम आमच्या वाडीतल्याच वाटत आल्यात.

माण तालुका, सातारा
मी शिक्षक आहे. आमचा भरवशाचा पाऊस परतीचा. श्रावणात ढग डोक्यावरून पुढे जातात, मागे नुसता वारा. वर्गात कविता चालीवर म्हणून झाली तेव्हा एका मुलीनं विचारलं, “सर, हे कुठल्या गावाचं आहे?” इतका खरा प्रतिसाद मी कुठल्याही रसग्रहणात वाचलेला नाही. पुस्तक मिटायला लावलं आणि सगळ्यांना आपापल्या पावसावर चार ओळी लिहायला सांगितल्या. मुलांनी वाऱ्यावर लिहिलं, टँकरवर लिहिलं. कविता मुलांपर्यंत पोचली ती तेव्हा.

मेलबर्न
इथे श्रावण हिवाळ्यात येतो, तरी कविता चपखल बसते. सर येते, लगेच ऊन, पुन्हा सर. उन्हाळ्यात वाळलेलं गवतही याच दिवसांत हिरवं असतं, आणि वॅटलची झाडं पिवळीधमक. लेक शनिवारच्या मराठी शाळेत ही कविता म्हणते. माणचे सर, मुलांच्या त्या ओळी इथे द्याल का? आमच्या वर्गात बालकवींच्या जोडीनं वाचू.