लिनोकटमध्ये अंधारं माजघर कसं उतरवू? सल्ला हवा

उतरंड:
नमस्कार. मी चित्रकलेच्या पदविकेला आहे. प्रकल्पासाठी आजीच्या माजघराचे पाच ठसे करतेय : जातं, चूल, उतरंड, कोनाड्यातला दिवा आणि आजी. पहिला लिनो (लिनोलियमचा मऊ तुकडा; खोदलेला भाग पांढरा राहतो, उरलेल्यावर शाई लावून ठसा घेतात) छापला, पण मन बसलं नाही. पेन्सिलीच्या रेषा ठेवून भोवतालचं सगळं खोदलं, तर बारीक रेषा तुटल्या आणि माजघर अंगणासारखं लख्ख दिसायला लागलं. काळा भागही ठिपक्याठिपक्यांचा उठतो. प्रेस नाही, ड्रॉइंग पेपरवर चमच्याने घासते. लिनो सोडून लाकूड घेऊ का? आणि जाळाला केशरी रंग कसा देऊ?

जुना ठसा:
लिनो सोडू नकोस, सुरुवात उलटी कर. चित्रकार नंदलाल बोस यांचं 1930 सालचं दांडीयात्रेचं लिनोकट बघ. काठी घेऊन निघालेले गांधीजी काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांनी उभे केलेत. तुझ्या विषयाला हीच रीत हवी. आधी लिनोवर काळी शाई फासून वाळू दे, मग पांढऱ्या पेन्सिलीने फक्त उजेड काढ. दिव्यापासून सुरू कर : ज्योत, कोनाड्याची कड, आजीच्या गालाचा एवढासा भाग. खोदशील तेवढाच उजेड येईल, म्हणून थांबत थांबत खोद. लिनो कडक वाटला तर थोडा वेळ उन्हात ठेव, लोण्यासारखा कापला जातो. आणि लिनो धरलेला हात कायम पात्याच्या मागे. माझ्या अंगठ्यावर अजून व्रण आहे.

काचेवरची शाई:
ठिपक्यांचं कारण बहुधा कागद. ड्रॉइंग पेपर जाड आणि खरखरीत, चमच्याचा दाब त्याला पुरत नाही. पातळ नेपाळी कागद घ्या. लिनोवरून बारीक पॉलिश पेपर हलका फिरवून धूळ पुसा. शाई काचेवर रोलरने इतकी पसरा की चर्रर्र असा बारीक आवाज येईल. चकचकीत थर दिसला तर शाई जास्त झाली, बारीक रेषा बुजतील. एका जाड थरापेक्षा तीन-चार पातळ थर द्या. उन्हाळ्यात पाण्याची शाई घासता घासताच वाळते, म्हणून मी तेलाचीच वापरते. रोलर आधी खायच्या तेलाने, मग साबणाने धुवायचा. घासताना एक कोपरा दाबून धरा, दुसरा उचलून बघा, कमी पडलं तिथे पुन्हा घासा.

जाळासाठी लिनोचा वेगळा छोटा तुकडा कापा. आधी केशरी छापून पूर्ण वाळू द्या, मग काळा. काळ्या ठशात जाळाची जागा खोदून मोकळी हवी. पुठ्ठ्याचा काटकोन चिकटवून लिनो आणि कागद दर वेळी त्यालाच भिडवा, म्हणजे रंग सरकत नाही.

जुना ठसा:
जात्यासाठी मात्र लाकूड करून बघ. जुनी फळी तारेच्या ब्रशने रेषांच्या दिशेने घास. मऊ भाग झिजतो, कडक रेषा वर राहतात आणि न कोरताच छापल्या जातात. त्यात जात्याचा गोल खोदलास की भोवतीची जमीन आपोआप मिळेल.

उतरंड:
दोघांचेही खूप आभार! आज दिवा खोदला, पहिल्यांदाच अंधार अंधारासारखा आला. आता आजीच्या ओवीची एक ओळ खाली कोरायचीय. अक्षरं उलटी काढताना गोंधळ होतोय.

काचेवरची शाई:
ट्रेसिंग पेपरवर सरळ लिहा, कागद पालथा करून कार्बनने उतरवा. कोरताना आधी शिरोरेषा काढा, मग अक्षरं त्यावर टांगा. छापण्याआधी लिनो आरशासमोर धरून एकदा वाचा. वेलांटी कुठल्या बाजूला गेली ते तिथेच कळतं.